शेततळ्याच्या पाण्याची घरच्या घरी परीक्षा

शहरांतील पोहण्याच्या तलावावर जो रखवालदार नेमलेला असतो, त्याचे सकाळचे पहिले काम कोणते, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच पाहिले असेल. तो तलावाचे पाणी एका लहान काचनळीत घेतो, तीत रंगद्रव्याचे चार-पाच थेंब टाकतो, जो रंग उमटेल तो सोबतच्या रंगपट्टीशी ताडून पाहतो आणि वहीत एक आकडा मांडतो. पाणी आम्लधर्मी आहे की विम्लधर्मी, त्यात क्लोरिन किती उरले, चुन्याचा अंश किती, हे सर्व त्यास पाव घटकेत समजते. केवळ स्नानाच्या सुखासाठी साठविलेल्या पाण्याची ही निगा! उलटपक्षी, ज्या पाण्यावर मोसंबीची पंधरा वर्षांची बाग किंवा द्राक्षाचा मांडव उभा असतो, ज्यासाठी कर्ज काढून तळे खणलेले आणि अस्तर घातलेले असते, त्या पाण्याच्या नावाने आपल्या घरी वहीचे एक पानही नसते. हा विरोध आम्हांस खटकतो, म्हणून हा लेख.

विशेष हे की, पोहण्याचा तलाव आणि अस्तराचे शेततळे हे रसायनदृष्ट्या सख्खे भाऊ आहेत. दोन्हींत पाणी कोंडलेले, दोन्हींवर ऊन, दोन्हींत शेवाळ, दोन्हींतून वाफ. तलावासाठी जी परीक्षेची पेटी बाजारात मिळते, तीच पेटी शेततळ्यास, विहिरीस व ठिबकाच्या नळ्यांस बहुतांशी लागू पडते. ती वापरण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. नेमकेपणा आणि नियमितपणा हे दोन गुण मात्र लागतात, आणि ते चांगल्या शेतकऱ्याच्या अंगी असतातच.

पाणी एकसारखे राहत नाही

आमच्या जालना जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टाचा आहे. पाऊस सरासरीने सुमारे सातशे मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा. हा पाऊस मुरूम व खडकाच्या भेगांतून खाली उतरताना चुना (कॅल्शियम), मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळवून घेतो. त्यामुळे पावसाचे पाणी जितके मऊ, तितकेच विहिरीचे पाणी जड. पावसाळा संपताच विहिरीत जे ताजे पाणी असते ते आणि वैशाखात तळाशी उरते ते, ही दोन पाणी एकच नव्हेत. दसऱ्यास तपासलेल्या पाण्याचा कागद अक्षय्य तृतीयेस दाखविणे म्हणजे मुलाच्या लहानपणीच्या मापाने त्याच्या लग्नाचा अंगरखा शिवण्यासारखे आहे.

शेततळ्यात हा फरक अधिकच वाढतो. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यापासून शेततळी पुष्कळ वाढली. जालना तालुक्यातील कडवंची गावाने तर त्याआधीच, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली मराठवाडा शेती सहाय्य मंडळाच्या साह्याने माथा ते पायथा काम केले, आणि पुढे शेततळ्यांच्या आधारावर द्राक्षबागा उभ्या केल्या. तळ्याने बाग वाचते, हे निर्विवाद आहे. परंतु तळ्यातून पाणी दोन वाटांनी जाते, एक पिकाकडे आणि दुसरी आकाशाकडे. पिकाकडे जाणारे पाणी आपले क्षार सोबत नेते. वाफ होणारे पाणी ते मागे ठेवून जाते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे उघड्या पाण्याची रोज सुमारे आठ ते दहा मिलिमीटर वाफ होते. म्हणजे पंधरवड्यास बारा ते पंधरा सेंटिमीटर पाणी उडून जाते. बासुंदीसाठी दूध आटविले की त्यातील गोडी जशी दाटते, तसे हे क्षार दाटतात. निव्वळ वाफेने तळे निम्मे झाले, तर उरलेल्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण दुप्पट होते. जे तळे पावसाने न भरता हिवाळ्यात विंधन विहिरीच्या पाण्याने भरले जाते, तेथे तर आरंभीचा आकडाच मोठा असतो.

२०१२-१३ च्या अवर्षणात या जिल्ह्यातील मोसंबीच्या अनेक बागा वाळल्या, आणि कित्येकांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगविली. टँकर कोणत्या विहिरीतून भरला, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. तथापि अशा प्रसंगी घरी परीक्षेची साधने असतील, तर निदान पैसे देऊन काय विकत घेतो, हे तरी कळेल. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आमची मोसंबी पाण्याच्या प्रमाणाइतकीच त्याच्या गुणावरही जगते.

नमुना कसा घ्यावा

परीक्षा कितीही चांगली असो, नमुना खोटा तर निकाल खोटा. विहिरीचा किंवा विंधन विहिरीचा नमुना घेताना पंप दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावा आणि मगच बाटली भरावी, कारण नळीत साचलेले पाणी हे विहिरीचे पाणी नव्हे. बाटली काचेची किंवा स्वच्छ प्लॅस्टिकची घ्यावी. ती त्याच पाण्याने तीन वेळा विसळावी. साबणाने धुतलेली बाटली वापरू नये.

तळ्याचा नमुना पृष्ठभागावरचा घेऊ नये; हातभर खोलीचा घ्यावा. त्यासाठी बाटलीस वजन व दोरी बांधावी आणि तळ्याच्या बांधावर उभे राहूनच ती सोडावी. अस्तराचा उतार ओला व शेवाळलेला असता काचेहून गुळगुळीत होतो, आणि त्यावरून घसरलेल्या माणसास पोहता येत असूनही वर चढता येत नाही. अशा अपघातांत अनेक जीव गेले आहेत. सबब हे काम मुलांवर सोपवू नये, एकट्याने करू नये, आणि तळ्यात गाठी मारलेला एक दोर कायम सोडून ठेवावा.

वेळही ठरलेली असावी. शेवाळ दिवसा उन्हात पाण्यातील कर्बवायू शोषून घेते. त्यामुळे हिरव्या पडलेल्या तळ्याचे पाणी सकाळपेक्षा दुपारी अधिक विम्लधर्मी होते. आज सकाळचा व उद्या दुपारचा आकडा ताडून पाहणे व्यर्थ होय. सूर्योदयानंतर तासाभरात नमुना घेण्याचा नेम सर्वांत सोयीचा.

पहिली कसोटी : सामू

पाण्याचा आम्ल-विम्ल स्वभाव ज्या आकड्याने सांगतात त्यास सामू म्हणतात. सात हा मध्य. सातच्या खाली आम्लधर्मी, वर विम्लधर्मी. ही कल्पना आपल्या घरास नवी नाही. हळदीत चुन्याची निवळी घातली की कुंकवासारखा लाल रंग येतो, हे आपल्या आजीबाईंस ठाऊक होतेच. हळद ही विम्ल ओळखणारी रंगद्रव्येच बाळगते. मात्र हळदीची कसोटी ढोबळ आहे. सात आणि साडेसात यांतील भेद ती सांगू शकत नाही.

पोहण्याच्या तलावाच्या पेटीत फिनॉल रेड नावाचे रंगद्रव्य असते. ते सुमारे ६.८ च्या खाली पिवळे आणि ८.२ च्या वर गुलाबी-लाल दिसते. मधल्या छटा पट्टीवर छापलेल्या असतात. आपल्या भागातील पुष्कळ विहिरींचे पाणी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येते, सबब या रंगपट्टीचे वरचे टोक आपणांस वारंवार पाहावे लागेल. पट्टीच्या अखेरच्या रंगाहून गडद रंग आला, तर “८.२” असे न लिहिता “८.२ हून अधिक” असे लिहावे. रंग पांढऱ्या कागदासमोर, सावलीत, पण दिवसाच्या उजेडात पाहावा. पाण्यात नुकतेच क्लोरिन घातले असेल तर हे रंगद्रव्य फसविते. त्या दिवशी ही कसोटी करू नये.

ठिबकाच्या दृष्टीने सामू सातच्या आत असल्यास तोट्या बुजण्याची भीती थोडी, सात ते आठ असल्यास मध्यम, आणि आठच्या वर असल्यास मोठी, असे सर्वसाधारण माप मानले जाते.

दुसरी कसोटी : जडपणा

तुरीची डाळ लवकर शिजत नसेल, पाणी तापविण्याच्या भांड्यास पांढरा थर धरत असेल आणि साबणाचा फेस न होता साय धरत असेल, तर पाणी जड आहे, हे गृहिणी कोणत्याही प्रयोगशाळेआधी सांगते. स्कॉटलंडातील ॲबर्डीन येथील प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४० च्या दशकात साबणाच्या याच गुणावर आपली कसोटी बसविली. ती घरी करता येते.

साध्या कपड्याच्या साबणाची वडी किसून तो कीस पावसाच्या साठविलेल्या पाण्यात विरघळवावा. हल्लीची धुण्याची पूड येथे चालत नाही, कारण ती जड पाण्यातही फेसाळते. सारख्या आकाराच्या दोन बाटल्यांत सारखेच पाणी घ्यावे, एकीत पावसाचे व दुसरीत विहिरीचे. दोन्हींत साबणाचे पाणी थेंबाथेंबाने घालीत, बूच लावून जोराने हलवावे. पाच मिनिटे टिकणारा फेस येईपर्यंत किती थेंब लागले, ते मोजावे. पावसाच्या पाण्यास जितके लागले त्याहून विहिरीच्या पाण्यास जितके अधिक लागले, तो त्याचा जडपणा.

आता याच कसोटीचा दुसरा अर्धा भाग, जो ठिबकवाल्या शेतकऱ्यास अधिक मोलाचा आहे. तेच विहिरीचे पाणी पंधरा मिनिटे उकळावे, निववावे, स्वच्छ फडक्यातून गाळावे, उकळताना उडून गेले तितके पावसाचे पाणी घालून पूर्वीइतके करावे, आणि पुन्हा थेंब मोजावेत. जितके थेंब कमी झाले तितका चुना बायकार्बोनेटाच्या रूपाने होता आणि उकळताना खाली बसला. हाच चुना उन्हाने तापलेल्या काळ्या नळीत आणि तोटीच्या तोंडाशी बसतो. जो चुना उकळूनही बसला नाही, तो तोट्यांस तितका त्रास देत नाही.

आकडाच हवा असेल तर तलावाच्या किंवा मत्स्यपेटीच्या सामानात जडपणाची थेंबपेटी मिळते. तीत पाणी प्रथम द्राक्षासवाप्रमाणे लालसर होते व थेंब घालता घालता एकाएकी निळे होते. थेंबांच्या संख्येस पेटीवर दिलेल्या आकड्याने गुणिले की जडपणा मिळतो.

तिसरी कसोटी : बादलीतील आम्लमापन

पाण्यात बायकार्बोनेट किती आहे, त्यावर दोन गोष्टी अवलंबून असतात. एक, तोट्या किती लवकर बुजतील. दुसरी, झाडास लोह मिळेल की नाही. मोसंबीची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की आपण हिराकस किंवा महागडी सूक्ष्म अन्नद्रव्ये आणतो. जमिनीत लोह असते. परंतु चुनखडीच्या जमिनीत बायकार्बोनेटयुक्त पाणी सतत दिल्याने ते मुळांस घेता येत नाही. पिवळेपणाची इतर कारणेही आहेत, जसे पाणी साचणे, मुळकूज किंवा अन्नद्रव्यांची उणीव. म्हणून केवळ पानावरून निर्णय न करता पाणीही पाहावे.

ठिबकाच्या नळ्या आम्लाने धुवावयाच्या असतील, तर किती आम्ल घालावे हे शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नये. प्रत्येक विहिरीचे प्रमाण निराळे असते. ते असे काढावे. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी मोजून घ्यावे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या, मापाच्या खुणा असलेल्या पिचकारीने व्यापारी हायड्रोक्लोरिक आम्ल अर्धा-अर्धा मिलिलिटर घालावे, लाकडी काठीने ढवळावे आणि दरवेळी सामूचा कागद बुडवून पाहावा. आरंभी बराच वेळ सामू जागचा फारसा हलत नाही. बायकार्बोनेट आम्लास गिळत असते. ते संपले की सामू झपाट्याने उतरतो. तो चारवर येईपर्यंत किती आम्ल लागले, ते लिहून ठेवावे.

उदाहरणार्थ, दहा लिटरांस सहा मिलिलिटर लागले असे धरू. म्हणजे हजार लिटरांस सहाशे मिलिलिटर. ठिबक संच ताशी दहा हजार लिटर पाणी देत असेल व आम्ल पंधरा मिनिटे सोडावयाचे असेल, तर त्या वेळात अडीच हजार लिटर पाणी जाईल आणि दीड लिटर आम्ल लागेल. शेवटच्या नळीच्या टोकाशी सामू चार आला की संच बंद करून चोवीस तास तसाच ठेवावा व दुसऱ्या दिवशी नळ्यांची टोके उघडून धुऊन काढावा. हा हिशेब न करता घातलेले आम्ल थोडे पडले तर वाया जाते, आणि अधिक पडले तर धातूचे भाग व मुळे यांस अपाय करते.

येथे सावधगिरीचे तीन नियम आहेत. आम्ल नेहमी पाण्यात घालावे, पाणी आम्लात ओतू नये. हातमोजे व चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नये. आणि आम्ल व ब्लीचिंग पावडर ही कधीही एकत्र आणू नयेत, एका भांड्यात नव्हे, एका पाठोपाठ न धुतलेल्या टाकीतही नव्हे. त्यांच्या संयोगाने विषारी क्लोरिन वायू सुटतो.

चौथी कसोटी : एकूण क्षार

ही कसोटी सर्वांत सोपी. पेनाच्या आकाराचा टीडीएस मीटर पाण्यात बुडविला की एकूण विद्राव्य क्षारांचा अंदाजी आकडा लिटरास मिलिग्रॅममध्ये दिसतो. खरे पाहता तो पाण्याची विद्युत वाहकता मोजतो व तीस एका ठरावीक आकड्याने गुणून दाखवितो. हा गुणक निरनिराळ्या पेनांत निरनिराळा असतो. म्हणून दोन पेनांचे आकडे परस्परांशी ताडू नयेत. गावाने एकच पेन वापरावा. तो बिघडला नाही ना, हे पाहण्यासाठी सराफाच्या काट्यावर तोललेले पाच ग्रॅम मीठ पाच लिटर पावसाच्या पाण्यात विरघळवावे. पेन नवा असताना या पाण्याचा जो आकडा आला, तोच पुढेही आला पाहिजे.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली पाण्याचे चार वर्ग पाडले. वाहकता ०.२५ पर्यंत पहिला, ०.७५ पर्यंत दुसरा, २.२५ पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. हे माप डेसिसायमन प्रति मीटर या एककात आहे. एक डेसिसायमन म्हणजे लिटरास सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ साली दिलेल्या कोष्टकाप्रमाणे संत्रावर्गीय झाडांचे उत्पन्न पाण्याची वाहकता सुमारे १.१ होईपर्यंत घटत नाही, द्राक्षाचे सुमारे १.० पर्यंत, त्यापुढे ते घटू लागते. म्हणजे लिटरास सुमारे सातशे मिलिग्रॅम ही मोसंबीवाल्याने ध्यानात ठेवावयाची रेघ झाली.

सातशे मिलिग्रॅम ऐकावयास क्षुल्लक वाटते. पण हिशेब मांडून पाहावा. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडास रोज शंभर लिटर पाणी दिले असे धरले, तर त्यासोबत रोज सत्तर ग्रॅम क्षार पडतात. शंभर दिवसांत एका झाडाच्या बुडाशी सात किलो! यांतील काही चुन्याच्या रूपाने बसतात, काही चांगल्या पावसाने धुऊन जातात. सर्वच विषारी नव्हेत. परंतु ज्या वर्षी पाऊस अपुरा, त्या वर्षी धुपणही अपुरी, आणि मागील बाकी पुढील वर्षाच्या खात्यावर चढते. सावकाराच्या व्याजाप्रमाणे ही बाकी दिसत नाही, पण थांबतही नाही.

पाचवी कसोटी : क्लोरिन

तळ्याच्या पाण्यातील शेवाळ व चिकट जंतू तोट्यांत बसले, तर आम्लाचा उपयोग होत नाही. तेथे क्लोरिन हवे. नळीत काय बसले आहे, याचा निर्णय आधी करावा. नळी चिरून आतील थरावर आम्लाचा एक थेंब सोडावा. फसफसले तर चुना. न फसफसता बुळबुळीत लागले तर शेवाळ व जंतू. तांबूस असेल तर लोह.

क्लोरिनचे बळ सामूवर अवलंबून असते, आणि पोहण्याच्या तलावाचा रखवालदार सामूची एवढी चिंता वाहतो, तीही याचसाठी. सामू साडेसहा असता पाण्यातील मुक्त क्लोरिनचा सुमारे नऊ-दशांश भाग जोरकस रूपात असतो, साडेसात असता सुमारे निम्मा, आणि साडेआठ असता जेमतेम एक-दशांश. म्हणजे आपल्या विम्लधर्मी पाण्यात ब्लीचिंग पावडर दुप्पट घालूनही शेवाळ का हटत नाही, याचे उत्तर पहिल्याच कसोटीत दडलेले असते.

उरलेले क्लोरिन मोजण्यासाठी ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ओ.टी. द्रावण वापरीत आले आहेत. त्याने पाणी पिवळे होते. हे द्रव्य शरीरास घातक असल्याचा संशय असल्याने ते हातास लागू देऊ नये. इंग्लंडातील पॅलिन यांनी १९५७ साली प्रचारात आणलेली डी.पी.डी. गोळी अधिक विश्वासाची आहे. तिने पाणी गुलाबी होते. ठिबकाच्या शेवटच्या नळीच्या टोकाशी हा रंग एक-दोन मिलिग्रॅमचे प्रमाण दाखवील, तर क्लोरिन सर्वत्र पोहोचले असे समजावे. पहिल्या तोटीशी रंग आणि शेवटच्या तोटीशी काहीच नाही, तर मधल्या घाणीने ते खाऊन टाकले आहे.

शेतवस्तीवरील पिण्याच्या विहिरीसाठी किती पावडर लागेल, हे ठरविण्याची एक जुनी रीत येथे सांगण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्याचे डॉक्टर हॉरॉक्स यांनी ती बसविली. एका काळ्या पेल्यात सपाट चमचाभर, म्हणजे दोन ग्रॅम ब्लीचिंग पावडर खुणेपर्यंतच्या पाण्यात कालवितात. सहा पांढऱ्या पेल्यांत विहिरीचे पाणी घेऊन त्यांत वरील निवळीचे अनुक्रमे एक, दोन, तीन असे सहा थेंबांपर्यंत घालतात. अर्ध्या तासाने प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब सोडतात. ज्या पहिल्या पेल्यात स्पष्ट निळा रंग येतो, तितके चमचे पावडर ४५५ लिटरांस लागते. तिसरा पेला निळा झाला तर तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम. पाण्यातील घाण जितकी अधिक, तितका निळा पेला पुढचा. या साध्या तत्त्वावर ही रीत उभी आहे. उघडी पडलेली पावडर बळ गमावते, म्हणून ही परीक्षा त्याच पावडरीने करावी, जी विहिरीत घालावयाची आहे.

घरच्या परीक्षेची मर्यादा

घरची परीक्षा प्रयोगशाळेची जागा घेत नाही. ती प्रयोगशाळेत केव्हा जावे, हे सांगते. पाण्यात सोडियम किती, हे वरील कोणत्याच कसोटीने कळत नाही. चुन्याहून सोडियम भारी झाले की काळी जमीन चोपण होते, पाणी जिरेनासे होते. याची घरगुती सूचना एवढीच : बुंध्याजवळील मातीचे वाळलेले ढेकूळ पावसाच्या पाण्याच्या पेल्यात हलकेच सोडावे आणि न ढवळता दिवसभर ठेवावे. ढेकूळ फुटले तरी पाणी निवळ राहिले, तर चिंता थोडी. पाणी ताकासारखे गढूळच राहिले, तर माती-पाणी दोन्ही प्रयोगशाळेत न्यावीत. तेथे शेष सोडियम कार्बोनेटाचा आकडा अवश्य मागावा; तो लिटरास १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असल्यास पाणी निर्धास्त, २.५ च्या वर असल्यास जिप्समासारख्या उपायाशिवाय अयोग्य मानतात. पिण्याच्या पाण्यातील जंतू, नायट्रेट व फ्लोराइड यांचाही निर्णय घरी करू नये. या कामी खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे विचारणा करावी.

परीक्षेचा निकाल वाईट आला म्हणून हात टेकण्याचे कारण नाही. पावसाचे तळ्यातील पाणी व विहिरीचे पाणी मिसळून देता येते; मिश्रणाचे प्रमाण पेनच सांगतो. नवी बाग लावताना क्षारास व चुन्यास अधिक सोसणारा रंगपूर लिंबाचा खुंट निवडता येतो. आच्छादनाने बुंध्याचे बाष्पीभवन घटते. तळे विंधन विहिरीने भरण्याऐवजी ओढ्याच्या पुराच्या पाण्याने भादव्यातच भरून घेता येते. परंतु यांपैकी कोणता उपाय करावा, हे आकड्याशिवाय ठरत नाही.

पाण्याची वही

आमची सूचना अशी की, प्रत्येक बागाईतदाराने वर्षातून निदान चार वेळा ही परीक्षा करावी : दसऱ्यास, जेव्हा पाणी सर्वांत गोड असते, संक्रांतीच्या सुमारास, आंबे बहाराचा ताण तोडण्यापूर्वी, पाडव्यास, ऊन चढू लागताना, आणि अक्षय्य तृतीयेस, जेव्हा तळ्यात क्षार सर्वांत दाट असतात. वहीत पाच रकाने पाडावेत : सामू, जडपणाचे थेंब, आम्लाचे मिलिलिटर, क्षार व क्लोरिन. प्रत्येक नोंदीसमोर तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि पाणी कोठले, हे लिहावे. दोन वर्षांची अशी वही ज्याच्याजवळ असेल, त्याचे दुखणे तज्ज्ञास एका दृष्टिक्षेपात कळेल. ज्याच्याजवळ नसेल, त्याच्या बागेत तज्ज्ञही अंदाजच करणार.

एकट्यास साधने जड वाटली, तर गावातील दहा-बारा सभासदांनी मिळून एक पेटी व एक पेन घ्यावा, ती साधने एकाच जबाबदार घरी ठेवावीत, आणि ठरलेल्या दिवशी सर्वांचे नमुने एकत्र तपासावेत. शेजारशेजारच्या विहिरींचे आकडे एका कागदावर आले म्हणजे कोणाचे पाणी कोणत्या बाजूने बिघडत चालले आहे, हेही दिसेल. असा नकाशा एका शेतकऱ्यास एकट्याने कधीच काढता यावयाचा नाही. अंबड, घनसावंगी, बदनापूर, परतूर, कोणत्याही तालुक्यातील ज्या मंडळींनी या दसऱ्यापासून अशी वही सुरू केली असेल, त्यांनी पुढील अक्षय्य तृतीयेपर्यंतचे आपले आकडे आम्हांकडे पाठवावेत. ते या मासिकातून सर्वांपुढे ठेवण्यास आम्हांस आनंद वाटेल.